किशोरवयीन मूल समुपदेशनाच्या खुर्चीत गप्प बसलं तर...

तू नव्यानेच समुपदेशन करू लागला असशील तर पहिली गोष्ट, पंधरा-सोळा वर्षांचं मूल बहुतेक वेळा स्वतःहून आलेलं नसतं, त्याला आणलेलं असतं. त्यामुळे पहिल्याच भेटीत, पालक समोर असतानाच, गोपनीयतेची हद्द स्पष्ट सांग: इथलं बोलणं इथेच राहील, मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कुणी छळ करत असेल, तर मला ते इतरांना सांगावं लागेल. हे नंतर सांगितलंस तर मुलाला दगा वाटतो. मी एकदा ती चूक केली. तो मुलगा पुन्हा आलाच नाही.

'असं का केलंस?' हा प्रश्न टाळ. त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. 'तेव्हा काय काय झालं?' असं विचार. समोरासमोर नजर भिडवण्यापेक्षा कागदावर काहीतरी रेघोट्या मारताना मुलं जास्त बोलतात.

मोठी माणसं उलट पहिल्याच तासाला सगळी कहाणी मांडतात आणि तोडगा मागतात. घाईने देऊ नकोस. बदल का हवा, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे.

आत्महत्येबद्दल शंका आली तर थेट विचार, वय काहीही असो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि त्याच दिवशी सुपरवायझरला, म्हणजे तुझ्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकाला, फोन कर, रात्र उलटू देऊ नकोस.