इंदूरमध्ये मराठी मुलांसाठी बारा दिवसांचं नाट्यशिबिर घ्यायचं आहे. शेवटी तासाभराचं नाटक कसं बसवावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. बदली होऊन तुम्ही नाशिकहून इंदूरला आलात, मंडळाने मे महिन्यातलं शिबिर तुमच्या गळ्यात घातलं, मुलं पंचवीसेक, वय सहा ते पंधरा, निम्म्यांना मराठी धड वाचता येत नाही. आणि अध्यक्षांची अट एकच, समारोपाला ‘चांगलं तासाभराचं नाटक’ व्हायला हवं.

माझं उत्तर: बसवू नका.

हिशेब करून बघा. रोज दोन तास धरले तर हातात चोवीस तास. हौशी मंडळींत आम्ही ढोबळमानाने प्रयोगाच्या एका मिनिटाला एक तास तालीम धरतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून दुसरं काहीही न करता नुसती तालीम केली तरी चोवीस मिनिटांपुढे गाडी जायची नाही. मग तासाभराच्या नाटकासाठी काय होतं? दुसऱ्याच दिवशी पात्रवाटप उरकतात. ज्या दोन-तीन मुलांचं पाठांतर चांगलं, किंवा ज्यांच्या आया घरी बसून संवाद घोकून घेतात, त्यांना राजा, राणी आणि प्रधान. बाकीचे सैनिक, प्रजा आणि झाडं. अकरा वर्षांचा पोरगा दहा दिवस पुठ्ठ्याचं झाड धरून उभा राहतो आणि नाटक हे आपलं काम नाही, एवढं शिकून घरी जातो. शिवाय ‘आमच्या मुलीला एवढीशीच भूमिका?’ हे तुम्हाला ऐकावं लागतं ते वेगळंच.

अध्यक्षांना नाही म्हणू नका. ‘समारोपाला खुला वर्ग ठेवतो’ असं सांगा. पालकांना खुर्च्यांच्या रांगांऐवजी तीन बाजूंनी सतरंज्यांवर बसवायचं आणि मुलांनी बारा दिवस जे केलं त्यातलं चाळीस मिनिटांचं दाखवायचं: दोन खेळ, चार-पाच छोटे प्रसंग, एखादं गाणं. प्रत्येक मूल किमान दोनदा पुढे येतं. एकदा पाहिलं की अध्यक्षांची तक्रार राहत नाही, कारण त्यांची नातही त्यात असतेच.

आता बारा दिवसांत करायचं काय? आधी गट पाडा. सहा वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा एका वर्गात ठेवले की धाकटी घाबरतात आणि मोठे टवाळी करतात. आठपर्यंतचे एकीकडे, नऊ ते अकरा दुसरीकडे, बारापासून पुढचे तिसरीकडे. तिन्ही गटांना पुरतील एवढी माणसं नसतील तर लहानांना या वर्षी घेऊच नका, किंवा त्यांना नुसत्या गोष्टी आणि गाणी द्या. वेळ सकाळी आठ ते दहा. इंदूरचा मे चाळिशी पार करतो, त्यामुळे अकरानंतर पत्र्याखालच्या हॉलमध्ये मुलांकडून काही होत नाही.

पहिले दोन-तीन दिवस खेळच. आरशाचा खेळ (एकाची हालचाल, समोरच्याने तिचं प्रतिबिंब व्हायचं) सगळे घेतात, पण घाईत घेतात. तो सावकाश घ्या, इतका सावकाश की बघणाऱ्याला पुढे कोण आणि मागे कोण हे कळू नये. मुलं हसायची थांबली की खेळ लागला म्हणून समजा. मग बिनवस्तूच्या वस्तू: नसलेली बादली विहिरीतून ओढणं, नसलेला पंखा पुसणं. रिकामी बादली आणि भरलेली बादली यांत खांदा कुठे बदलतो, हे मुलांनाच शोधू द्या, तुम्ही करून दाखवू नका. तुम्ही एकदा करून दाखवलंत की पंचवीस मुलं तुमचीच नक्कल करतात. मुलांच्या नाटकांत सगळी पात्रं दिग्दर्शकासारखी बोलतात, त्याचं मूळ इथेच.

माझा आवडता अभ्यास सराफ्याचा आहे, आणि तो इंदूरलाच जमेल. रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचा बाजार भरतो, हे एव्हाना तुम्ही पाहिलं असेलच. मुलांना सांगायचं की या आठवड्यात घरच्यांबरोबर सराफ्यात जाल तेव्हा एक माणूस निवडा आणि त्याचे फक्त हात बघा. एकदा एका मुलीने दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा विक्रेता आणला. द्रोण उडवला, झेलला, एकाच चिमटीतून पाळीपाळीने वेगवेगळे मसाले सोडले, सगळं झकास. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी एवढंच विचारलं, ‘द्रोण वर असताना तो कुठे बघतो?’ ती थबकली. तिने पुन्हा करून बघितलं. मग म्हणाली, ‘गिऱ्हाईकाकडे. द्रोणाकडे नाहीच बघत.’ तिसऱ्यांदा केलं तेव्हा तिने द्रोण सोडून आमच्याकडे पाहिलं आणि खोलीतली सगळी मुलं त्या नसलेल्या द्रोणाकडे मान वर करून बघत राहिली. अभिनयावर तासभर व्याख्यान देऊन हे शिकवता येत नाही.

असे हात गोळा झाले की पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्यांची गाठ घालून द्या. दहीवडेवाल्याकडे एक गिऱ्हाईक आलंय, त्याच्याकडे पैसे नाहीत. किंवा आजीला हरवलेला नातू शोधायचा आहे आणि दुकानदाराला दुकान आवरायचं आहे. दोघांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असल्या की संवाद आपोआप येतात. त्यातले चांगले टिपून ठेवायला एखाद्या वाचनवेड्या मुलाला वही द्या. समारोपाचे प्रसंग त्या वहीतूनच निघतील.

भाषेबद्दल तुम्ही काळजीने विचारलं आहे. इथली मुलं हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरी त्यांना येतेच, वाचता येत नाही हे तितकंसं खरं नाही. अडखळतात ती ‘ळ’पाशी आणि ‘चमचा’, ‘जहाज’मधल्या च-ज पाशी. ते कानाने येतं, कागदाने नाही, म्हणून संहिता वाचायला देण्याआधी गाणी आणि बडबडगीतं तोंडात बसवा. त्यांची ‘काय करून राहिला आहेस’ छापाची इंदुरी मराठी मात्र दुरुस्त करत बसू नका. नाशिकच्या कानाला ती खटकेल, पण इथल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या अशीच बोलतात आणि प्रसंगातला मुलगा इंदूरचा असेल तर त्याने तसंच बोलावं. प्रमाण मराठी हवीच असेल तर ती पुण्याहून आलेल्या आत्याला द्या. प्रेक्षक खो-खो हसतील.

तरीही नाटकच करायचं असेल तर त्याची मांडणी वेगळी. शिबिरातल्या ज्या मुलांना गोडी लागली त्यांना घेऊन जुलैत सुरुवात करा, दर रविवारी तालीम, सहामाही परीक्षेच्या आसपास सुट्टी, दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा, आणि प्रयोग डिसेंबरात. जानेवारीच्या पुढे ढकललंत तर दहावी-बारावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेमुळे गळतात.

संहितेसाठी आपल्याकडे खजिना आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केलं ते रत्नाकर मतकरींचं नाटक घेऊन, आणि मुलांची नाटकंही मोठ्यांच्या नाटकांइतक्याच गांभीर्याने, खऱ्या नेपथ्यासह करायची असतात हे मराठी प्रेक्षकाला दाखवलं. पुढे मतकरींनी स्वतःची संस्था काढून वर्षानुवर्षं बालनाट्यं केली. राक्षस, चेटकीण, राजपुत्र ही मंडळी मुलांना आजही आवडतात. पण बारा वर्षांपुढच्यांना तुम्ही चेटकीण दिलीत तर ती लाजतात. त्यांच्यासाठी ग्रिप्सची वाट धरा. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 च्या सुमारास पुण्यात मराठीत आणली. तिच्यात पऱ्या-राक्षस नाहीत, मुलांच्या रोजच्या आयुष्यातले प्रश्न आहेत, गाणी आहेत आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. ही शेवटची गोष्ट तुमच्या मंडळाच्या फार उपयोगाची आहे. मंडळातल्या पंचविशी-तिशीच्या हौशी नटांना मुलं व्हायला लावा आणि तो प्रयोग शाळांमध्ये घेऊन जा. रंगकर्मी बाबा डिके आणि त्यांच्या नाट्यभारती संस्थेच्या या गावात मराठी नट मिळत नाहीत, असं कोणी म्हणू नये. सानंद या इथल्या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना येणाऱ्या गर्दीतले निम्मे कधी ना कधी तोंडाला रंग लावून उभे राहिलेले असतात.

लेखकाच्या परवानगीचं बरेच जण विसरतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुरता केलेला प्रयोग, तसंच हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग, यांना सूट आहे. तिकीट लावलंत की सूट संपली, मग परवानगी आणि मानधन. आणि संहितेत मनाने काटछाट करायची, शेवट बदलायचा, तर सूट असली तरी लेखकाला किंवा त्यांच्या वारसांना विचारावं. अशी विचारणा झाली की बहुतेकांना आनंदच होतो.

शाळेत प्रयोग न्यायचा तर अख्खी शाळा मैदानात बसवून घेऊ नका. मुख्याध्यापक आग्रह धरतील, ‘एवढे आलाच आहात तर सगळ्यांनाच दाखवा.’ ठाम राहा: दोन वर्ग, साठ-सत्तर मुलं, वर्गखोलीएवढी जागा, प्रयोगानंतर तेवढाच वेळ गप्पांना. शिक्षणासाठी नाटक ही चळवळ इंग्लंडमध्ये 1965 साली कव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमधून सुरू झाली, तिच्या मुळाशी हेच होतं की नटांनी शाळेत जायचं आणि मुलांनी नुसतं बघत बसायचं नाही. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची अशी टोली 1989 पासून आहे. परवानगीच्या पत्रात 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा उल्लेख जरूर करा. त्यात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे, स्थानिक कलाकारांकडून शिकणंही त्यात बसतं. एरवी ‘पोर्शन राहिलाय’ म्हणणारे मुख्याध्यापक या एका वाक्याने नरमतात, हा अनुभव आहे.

सभागृहाचं थोडक्यात. रवींद्र नाट्यगृहाच्या रंगमंचाचा मोह सगळ्यांना होतो, फोटोही छान येतात. पण दहा वर्षांच्या मुलाचा आवाज तिथे शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही, मग माइक येतात, मुलं माइकपाशी येऊन गोठतात. त्याहून वाईट म्हणजे संवाद आधीच रेकॉर्ड करून मुलांना नुसते ओठ हलवायला लावणं. एका शाळेच्या वार्षिकोत्सवात मी हे पाहिलं, रेकॉर्डिंग मधेच अडकलं आणि आठ मुलं तोंड उघडी ठेवून उभी राहिली, कारण संवाद त्यांना कोणी पाठच करून घेतले नव्हते. शंभर-सव्वाशे माणसांची जागा घ्या, शाळेचा हॉल असला तरी चालेल, माइक नको.

बाकी किरकोळ: प्रत्येक गटाबरोबर कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. फोटो-व्हिडिओ टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी. तालमीला पालक आत नकोत, अगदी ‘कोपऱ्यात बसते, काही बोलत नाही’ म्हणणाऱ्याही नकोत.

राहता राहिला गणेशोत्सव. मेमधलं शिबिर बरं झालं की मंडळ तुमच्याकडे दहा दिवसांतला एखादा कार्यक्रम मागणारच. तेव्हा त्या वहीतले दोन प्रसंग घ्या, पंधरा मिनिटं पुरे, आणि वेळ आरतीच्या आधीची मागून घ्या. आरतीनंतर प्रसादाची रांग लागते आणि समोर बघायला फक्त कलाकारांचे आई-बाप उरतात.