टायट्रेशनचं रीडिंग सरांच्या उत्तराशी जुळत नाही. जर्नलमध्ये आलेलं लिहू की जुळणारं?

आलेलं लिही. उत्तर इथेच संपलं, पण प्रश्न वाचून जुनं दुखणं वर आलं, म्हणून पुढचं लिहितोय.

तालुक्याच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी प्रयोगशाळा सहाय्यक होतो. आता निवृत्त आहे. पोरं मला मामा म्हणायची, आणि प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की मामा एकदम लाडके व्हायचे. "मामा, केएमएनओफोरचं रीडिंग किती?" केएमएनओफोर म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, ते जांभळं द्रावण. ओळखायला दिलेलं सॉल्ट कुठलं आलंय तेही विचारायची, पण रीडिंग आधी. मी सांगत नसे, त्यामुळे खडूस म्हणूनही माझंच नाव होतं.

तू म्हणतोस, ऑक्झॅलिक ॲसिड दहा मिली घेतलं, ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या उभ्या काचनळीत, केएमएनओफोर, रंग टिकेपर्यंत ते किती मिली लागलं हे रीडिंग, तुझं 10.8 आलं, सरांनी 10 सांगितलं आणि अख्ख्या बॅचने 10 उतरवलं. आता मला सांग, प्रयोगाचा उद्देश काय लिहिलाय जर्नलमध्ये? दिलेल्या केएमएनओफोरची ताकद काढणे. ती आधीच माहीत असेल तर ब्युरेट कशाला भरायची? लिटरला 3.16 ग्रॅम तोलून 0.1 नॉर्मल ताकदीचं केलं तरी हे द्रावण तसं राहत नाही. उजेड लागला, पाण्यात थोडा सेंद्रिय कचरा असला की उतरायला लागतं, बाटलीच्या तळाला तपकिरी मँगनीज डायऑक्साइड धरतो. ताकद उतरली की ब्युरेटमधून जास्त सोडावं लागतं, म्हणजे रीडिंग चढतं. सोमवारी 10 असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच बाटलीचं तेच येईल याची हमी कुणी देऊ नये.

आमच्याकडे एका वर्षी काय झालं ते ऐक. बारावीची बोर्डाची प्रॅक्टिकल, तीस मार्कांची. बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक, एक्स्टर्नल, आलेले. सकाळच्या बॅचचं रीडिंग 10.0, ते मी स्वतः काढून त्यांना कागदावर लिहून दिलेलं. पण सकाळच्या पोरांनी ब्युरेट धुण्यातच निम्मं द्रावण सिंकमध्ये ओतलं, आणि दुपारच्या बॅचच्या आधी बाटलीत लिटरभर उरलं. मी स्टोअरमध्ये स्पिरिट आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर बाटलीतली पातळी लेबलच्या वर! आमच्या विभागाच्या सरांनी मेजरिंग सिलिंडरने डिस्टिल्ड वॉटर घालून ठेवलेलं. "पुरलं पाहिजे मामा, आता नवीन कुठे बनवता?" रंगावरून कळणार नव्हतंच. ते इतकं गडद असतं की लिटरला शंभर मिली पाणी घातलं तरी जांभळ्याचं जांभळंच. रीडिंग मात्र 10 चं 11 होतं, हा हिशेब नववीतलं पोर करेल.

दुपारची बॅच आत आली ती फाटकावरून 10 घेऊनच. एकेकाची पानं बघत फिरलो. पायलट, म्हणजे पहिलं अंदाजाचं, रीडिंग 10 ते 11, मग तीन ओळींत 10.0, 10.0, 10.0, सीबीआर, म्हणजे जुळलेलं कायमचं रीडिंग, 10.0. अर्ध्या जणांचे फ्लास्क गरमही केलेले नव्हते. थंड ऑक्झॅलिकमध्ये पहिल्या थेंबांचा रंग जाता जात नाही, ते साठ-सत्तर अंशांना न्यावं लागतं. म्हणजे ही पोरं नुसती बसून होती. शेवटच्या टेबलावर एक मुलगी तिसरा फ्लास्क तापवत होती. कडेला धरून हलवत, बोटं भाजली की ओढणीने धरत. तिचं 11.0, 11.1, 11.0. शेजारचा तिला म्हणत होता, अगं दहा लिही, दहा. तिने नाही लिहिलं.

एक्स्टर्नलनी तिच्या पानावर लाल गोल केला. मी पुढे होऊन म्हणालो, सर, बाटली बदललीय, एकदा करून बघा. त्यांना ते आवडलं नाही, पण मी तोवर पिपेट हातात घेतली होती. त्यांच्यासमोर केलं. 11.0. माणूस भला, गोल खोडून तिला पूर्ण मार्क दिले. आणि 10.0 लिहिलेल्या सगळ्यांनाही पूर्ण दिले, कारण नाहीतर बाटलीत पाणी कुणी घातलं ते कागदावर आलं असतं.

संध्याकाळी आमचे सर म्हणाले, "बघा मामा, कुणाचं नुकसान झालं?" मला आजही या वाक्याचा राग आहे. तिसरा फ्लास्क तापवणारीला आणि फाटकावरून आकडा आणणाऱ्याला एकच मार्क, हेच नुकसान. त्यांना मी लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाचं सांगितलं होतं. हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियापासून बनवलेल्यापेक्षा अर्धा टक्का जड भरत होता, त्याने तो आकडा दाबला नाही, पिच्छा पुरवला, आणि 1894 मध्ये त्याला आणि रॅम्से या दुसऱ्या शास्त्रज्ञाला अरगॉन हा नवा वायू सापडला. सर म्हणाले, "तो लॉर्ड होता मामा. आपल्याकडे बारावीची पोरं आहेत." सर, तुम्ही हे वाचत असाल तर माझं म्हणणं अजून तेच आहे. चुकीचं रीडिंग पोरांनी नव्हतं आणलं, तुम्ही बाटलीत घातलं होतं.

असो. तुझ्या जर्नलचं. आलेली तिन्ही रीडिंग लिही. खोडायचं तर एक रेघ मार, व्हाइटनर लावू नकोस. कारण लिहायचं तर नेमकं लिही. "मानवी चुकांमुळे" हे वाक्य मी कपाटभर जर्नलांत वाचलंय, त्यातून काही कळत नाही. द्रावण कधी बनवलेलं होतं, फ्लास्क किती गरम होता, ब्युरेटच्या नळीत बुडबुडा राहिला होता का, असं लिही. ब्युरेटमधल्या द्रवाच्या कडेची वरची पातळी वाचलीस की मधल्या खळग्याची खालची, तेही लिही. या गडद रंगात वरचीच वाचायची.

मात्र खरं रीडिंग म्हणजे बरोबर रीडिंग असं मी म्हणत नाही. तुझी तीन एकमेकांशी 0.1 मध्ये जुळत नसतील, एक 10.2 आणि एक 10.8 असेल, तर बाटलीला दोष देऊ नकोस, हात सुधार. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन तशीच भरली असशील तरी रीडिंग चढतं. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ झालं असेल तर डिल्यूट सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलंय, तो फ्लास्क टाकून दे. आणि बोर्डाच्या परीक्षेत एक्स्टर्नल अडूनच बसले तर तिथे वाद घालू नकोस. तुझ्या रीडिंगवरून पुढचं गणित बरोबर कर, पद्धतीचे आणि गणिताचे मार्क मिळायला हवेत. वाद मी घातला होता, माझी नोकरी पक्की होती.

सर्टिफिकेटवर सही घेण्याआधी सरांना एवढंच विचार की बाटली कुठल्या तारखेला बनवली. आमच्या लॅबमध्ये मी प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावायचो आणि सर हसायचे. तारीख नसेल तर त्यांच्या 10 पेक्षा तुझ्या 10.8 ला जास्त आधार आहे, तीन जुळत असतील तर.