जंगलतोड, कार्बन आणि सातपुडा : वाचकांची प्रश्नोत्तरे

जंगलतोड रोखून उत्सर्जन (तुटलेल्या झाडांतून हवेत जाणारा कार्बन) घटवण्याच्या धोरणांचा एवढा गाजावाजा होतो. कुठे फरक पडला का? (शहादा)

पडला, ब्राझीलमध्ये. 2004 साली ॲमेझॉनचं सुमारे 27,700 चौरस किलोमीटर जंगल तुटलं. 2012 साली आकडा साडेचार हजारांवर आला. उपग्रहावर तोड दिसली की पथक जागेवर जायचं. सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनी 2006 पासून नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा माल घेणं बंद केलं. आणि 2008 पासून पर्यावरणाचे नियम पाळल्याची कागदपत्रं नसतील तर पीककर्ज मिळेना. कर्ज अडलं की काय होतं, हे आपल्याकडे सांगायला नको! जंगल राखण्यासाठी नॉर्वेने दिलेला निधी आला तो तोड घटू लागल्यावर. पुढे सरकारचा वचक गेला आणि 2021 मध्ये तोड पुन्हा 13 हजारांवर.

आमच्या गावात कुऱ्हाडबंदी आहे. म्हणजे कार्बन वाचला ना? (साक्री)

लगेच नाही. सरपणाची मोळी आता शेजारच्या गावच्या रानातून येत असेल, तर तोड फक्त शिवार ओलांडून गेली. त्यामुळे बंदीबरोबर चूलही बघा : सिलिंडर परत भरून आणायला घरात पैसे असतात का? दुसरी मेख अंदाजाची. बंदी नसती तर किती तुटलं असतं, हा आकडा फुगवला की वाचलेला कार्बनही कागदावर फुगतो. कार्बन क्रेडिट (वाचवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र) विकणाऱ्या अनेक प्रकल्पांवर हाच आक्षेप आहे.

तुमच्याच तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैतराम पवार (2025 चे पद्मश्री) आणि गावकऱ्यांनी चारशेहून जास्त हेक्टर जंगल राखलं, ते काही कार्बनसाठी नव्हे. विहिरीला पाणी आलं, रानभाज्या मिळू लागल्या. म्हणूनच ते टिकलं, असं माझं मत.

वनहक्क पट्ट्यांमुळे तोड वाढते का? (चोपडा)

वनजमीन कसणाऱ्यांना तिचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, देणारा वनहक्क कायदा 2006 चा, पण ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा लागतो. आज झाडं पाडून पट्टा मिळत नाही. ‘साफ करा, मग बघू’ म्हणणारा फसवतोय. सामूहिक वनहक्क वेगळा. त्यात जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो आणि बाहेरच्या टोळीला अडवायला गावाच्या हातात कागद असतो. आधी तो दावा दाखल करा.

बांधावर साग लावलाय. कार्बन क्रेडिटच्या नोंदणीसाठी एजंट आगाऊ पैसे मागतो. (रावेर)

देऊ नका. करारात किती वर्षं झाड तोडता येणार नाही, ते आधी वाचा.