यावलच्या जंगलाजवळ दिव्यावर आलेला अनोळखी पतंग नवीन प्रजाती असू शकतो का?

असू शकतो, पण फोटोवरून तसं जाहीर करता येत नाही. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त प्रजाती नोंदलेल्या आहेत. आपल्याला अनोळखी म्हणजे शास्त्राला अनोळखी असं नव्हे.

खरी मेख पंखांत नसून पोटाच्या टोकाला असते. दिसायला सारखे पतंग जननांगांच्या रचनेवरून वेगळे ओळखतात. त्यासाठी पोटाचा भाग कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली उघडतात. मोठं किचकट काम! सोबत डीएनए बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा, जुळवतात. मग जवळच्या सगळ्या प्रजातींची जुनी वर्णनं चाळायची. एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, ठरवून संग्रहालयात ठेवायचा आणि वर्णन नावासह शोधनिबंधात छापायचं. त्याशिवाय नाव ग्राह्य नाही.

आपल्या कपाशीची वाट लावणारी गुलाबी बोंडअळीही पतंगाचीच अळी. तिचं वर्णन इंग्रज कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्सने १८४४ मध्ये केलं, तेही गुजरातेतल्या भडोचकडच्या नमुन्यांवरून. म्हणजे कपाशीच्या पट्ट्याला हा विषय नवा नाही.

तुम्ही फोटोवर तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. यावल अभयारण्यात मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय काही पकडू नका.