‘बाउड्लराइझ’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, स्पेलिंग आणि उगम काय?

एका इंग्रजी पुस्तक-परीक्षणात ‘बाउड्लराइझ्ड आवृत्ती’ असं वाचलं, त्याचा ‘बोल्डर’शी म्हणजे मोठ्या दगडाशी काही संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. दगडाशी काहीच संबंध नाही. हा शब्द एका आडनावावरून आलाय.

आधी अर्थ. पुस्तकातला किंवा नाटकातला जो मजकूर अश्लील, शिवराळ किंवा चारचौघांत वाचायला अवघड वाटतो, तो गाळून किंवा बदलून ती कृती सोज्वळ करणं म्हणजे बाउड्लराइझ करणं. आपल्याकडे मुलांच्या हातात जे ‘अरेबियन नाइट्स’ पडतं, ते बहुतेक वेळा असंच सोज्वळ केलेलं असतं. नुसतं पुस्तक संक्षिप्त केलं तर हा शब्द लागू होत नाही. काटछाट सभ्यतेच्या कारणासाठी झालेली हवी.

स्पेलिंग असं: बी-ओ-डब्ल्यू-डी-एल-ई-आर, पुढे आय-झेड-ई. ब्रिटिश लिखाणात झेडच्या जागी एसही चालतो. चूक होते ती डी आणि एलच्या क्रमात. एल आधी लिहिला की दगडाचा भास होतो, म्हणून ‘डी आधी, एल नंतर’ एवढं लक्षात ठेवा. उच्चारात पहिला भाग ‘लाउड’सारखा, अमेरिकेत ‘बोड्लराइझ’ही ऐकू येतं.

आता उगम, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. थॉमस बाउड्लर (1754–1825) हे इंग्लंडमधले डॉक्टर. त्यांचे वडील संध्याकाळी घरच्यांना शेक्सपिअर वाचून दाखवत आणि नको त्या ओळी वाचता वाचताच वगळत. प्रत्येक घरात इतका सावध वाचक कुठून असणार? तेव्हा तसं पुस्तकच छापावं, या विचारातून ‘द फॅमिली शेक्सपिअर’ आलं. मूळ मजकुरात काहीही भर घातलेली नाही, कुटुंबात मोठ्यानं वाचणं शोभणार नाही तेवढंच गाळलंय, असं 1818च्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर सांगितलं होतं. प्रत्यक्षात शब्द बदललेलेही सापडतात. उद्गार म्हणून येणाऱ्या ‘गॉड’च्या, म्हणजे देवाच्या, जागी ‘हेवन्स’ आलं. ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागातली डॉल टेअरशीट ही वेश्या तर पात्र म्हणूनच नाहीशी झाली. ‘ऑथेल्लो’ मात्र कात्रीला पुरून उरलं: हे नाटक कुटुंबात वाचण्याजोगं नाही, असं संपादकांनाच लिहावं लागलं.

पण पहिली आवृत्ती थॉमस यांची नव्हतीच. 1807 साली बाथ इथे चार खंडांत 20 नाटकं निघाली, संपादकाचं नाव न छापता. ते काम त्यांची बहीण हेन्रिएटा मरिया हिचं होतं. तिचं नाव का आलं नाही? अभ्यासक देतात ते कारण मला पटतं: अमुक ओळ अश्लील आहे म्हणून गाळली असं सांगायचं, तर ती कळली हे कबूल करावं लागतं, आणि त्या काळच्या अविवाहित, प्रतिष्ठित बाईला ते परवडणारं नव्हतं. 1818 साली दहा खंडांत 36 नाटकं आली ती थॉमस यांच्या नावानं, आणि भाषेत तेच नाव राहिलं. हेन्रिएटाचं श्रेय विसाव्या शतकात पुढे आलं. या शब्दाची माहिती देताना तिचं नाव गाळलं जातं, ते मला खरोखर खटकतं.

क्रियापद म्हणून हा शब्द 1836 मध्ये लिखाणात दिसतो, थॉमस वारल्यावर अकरा वर्षांनी. आज तो जवळजवळ नेहमी नाराजीनंच वापरतात. त्यामुळे कुणाच्या संपादनाला बाउड्लरायझेशन म्हटलंत, तर ती टीका समजली जाईल. सगळ्यांचं मत मात्र तसं नव्हतं. कवी स्विनबर्न यांनी 1894 साली लिहिलं, की बुद्धिमान, कल्पक मुलांच्या हाती शेक्सपिअर देणं ज्यानं शक्य केलं, त्याच्याइतकी शेक्सपिअरची सेवा दुसऱ्या कुणी केली नाही.

सरकारी बंदीसाठी किंवा सेन्सॉरच्या आदेशासाठी हा शब्द वापरू नका, तिथे ‘सेन्सॉर’ हेच क्रियापद योग्य. बाउड्लराइझमध्ये कात्री बहुधा संपादकाची किंवा प्रकाशकाची असते. आणि कर्म नेहमी कृती असते: नाटक, कादंबरी, गाणं, चित्रपट. माणसाला बाउड्लराइझ करत नाहीत.