रिबनवरचं ते बारकं पान शोभेला नसतं

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या जुन्या फोटोत खिशावरच्या रिबनवर, म्हणजे पदकाच्या रंगीत फितीवर, एक बारकं धातूचं पान दिसतं, ते कशाचं? आणि पुढं, "त्याला काही महत्त्व असतं, की शोभेला लावतात?" हे दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. फौजेत शोभेला काही लावत नाहीत. वर्दीवर जास्तीची टाचणी दिसली तरी सुभेदार मेजर परेडमध्येच हजेरी घेतो.

पान म्हणजे 'मेन्शन इन डिस्पॅचेस'. लढाईच्या अहवालात माणसाचा नावानिशी उल्लेख झाला, पण वेगळं पदक मिळालं नाही, तर त्या मोहिमेच्या पदकाच्या रिबनवर कमळाचं पान लागतं. इंग्रजांच्या काळात तिथं ओकचं पान असायचं, ब्राँझचं.

आमच्या नानांना हे पान एकाहत्तरच्या लढाईत मिळालं. महार रेजिमेंटचे ते. गाव उदगीरच्या पुढं. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, ग्रामपंचायतीपुढं झेंडा लागतो आणि माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्या असतात. एका वर्षी माझा चुलतभाऊ, नुकताच पेन्शनीवर आलेला, छातीवर पदकांची रांगच लावून आला. नानांकडं त्याच्या निम्मीही नव्हती. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी लांबूनच पदकं मोजली आणि 'सर्वाधिक पदकांचे मानकरी' म्हणून पहिली शाल भावाच्या खांद्यावर. तेही चालून गेलं असतं. पण चहाच्या वेळी त्यानं नानांच्या रिबनवरच्या पानाला नख लावलं आणि म्हणाला, "नाना, ह्ये काय चिकटलंय? काढून टाकू का?" नानांनी त्याचा हात नुसता बाजूला केला. मी म्हणालो, "आरं, सरकारी कागदावर नाव आल्याबिगर ते पान लागत नाही." तर मला म्हणतो, "तू बाबू मानूस, तुला कागदच दिसनार."

हो, होतो मी क्लर्क. फौजेतल्या माणसांच्या नोंदींचे कागद, म्हणजे पार्ट टू ऑर्डर, काढण्यात नोकरी गेली. म्हणूनच कुणाच्या रांगेत काय आहे ते मला वाचता येतं. नऊ वर्षं सेवा झाली की एक पदक, वीस झाली की दुसरं. १९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा जो जो नोकरीत होता त्याला आणखी एक. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर 'हिमालय' किंवा 'जम्मू-काश्मीर' अशी धातूची पट्टी असते. तुम्ही कुठं होता एवढंच ती सांगते. तिथं काय केलं, ते पान सांगतं. रांग मोजणाऱ्याला फौज कळलेलीच नाही, मग तो गुरुजी असो नाहीतर पेन्शनर.

आणखी एक, महावीर चक्राच्या पांढऱ्या-केशरी रिबनवर छोटं चक्र दिसलं तर तो मान दुसऱ्यांदा मिळालाय असं समजा. जनरल अरुण वैद्यांना १९६५ ला मिळालं आणि १९७१ ला पुन्हा. दुसऱ्या वेळी आख्खं पदक देत नाहीत, 'बार' म्हणजे पदकाच्या रिबनवरची धातूची पट्टी देतात, आणि नुसती रिबन लावायची असली की त्या बारच्या जागी हे बारकं चक्र येतं. आता मला सांगा, हे मोजणार कसं? रिबन तर एकच दिसते!

नेटवर शोधताना अमेरिकेची माहिती समोर येईल, तिच्या नादी लागू नका. त्यांच्याकडं ओकच्या पानांचा झुबका म्हणजे तेच पदक पुन्हा मिळालं. आपल्याकडच्या पानाशी त्याचा संबंध नाही.

तुमचे आजोबा कुठल्या काळातले हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. ४७ च्या आधीचे असतील तर पान ओकचं, आणि बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या वॉर मेडलवर. आफ्रिका स्टार या त्याच युद्धातल्या पदकाच्या रिबनवर '8' आकडा असेल तर तो इंग्रजांच्या आठव्या सेनेचा, आठ लढायांचा नाही. आपल्या भागातले असल्यामुळं निजामाच्या फौजेत होते का तेही बघा, त्यांची एक पलटण १९४१ ला मलायात जपान्यांशी लढली होती. डिस्चार्ज बुकातला आर्मी नंबर घेऊन त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, पत्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल. कागद हातात येईपर्यंत गावात सांगत सुटू नका, कारण छावणीबाहेरच्या दुकानात पान कुणालाही विकत मिळतं. आणि घरच्यांनी पदकं लावायची तर उजव्या बाजूला. डावी बाजू ज्यानं कमावली त्याची.

आणि हो, सेवेची पदकं फुकटची असतात असं माझं म्हणणं नाही. सियाचीनचं मेडल लावलेला माणूस समोर आला की मी खुर्ची सोडतो. चुलतभावाकडं ते नाही.