खपली कशाला काढायची? एक्स्पोजर थेरपीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यांच्या बाइकला ट्रकने ठोकलं, मागे बसलेला मित्र जागीच गेला. दीड वर्ष झालं. अजून हे गाडीला हात लावत नाहीत, तो चौक नको म्हणून लांबचा वळसा घेतात. डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मनाचा आजार, सांगितलंय. आता थेरपिस्ट म्हणतात, डोळे मिटून अपघात पुन्हा पुन्हा सांगायचा. धरलेली खपली कशाला काढायची?

उत्तर : खपली धरली असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण वळसा चालू आहे, म्हणजे जखम ओलीच आहे. चौक टाळला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि ‘टाळलं म्हणून वाचलो’ हे मनात आणखी पक्कं होतं. तिथून सुखरूप जाता येतं, हा अनुभव मिळतच नाही.

तुम्ही सांगताय ती पद्धत बहुधा प्रोलाँग्ड एक्स्पोजर. एडना फोआ या मानसशास्त्रज्ञांनी बलात्कार सोसलेल्या स्त्रियांवर उपचार करताना ती घडवली. साधारण ८ ते १५ सेशन, प्रत्येक तास-दीड तासाचं. प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा, परत सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. शिवाय टाळलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीला अस्वस्थतेचे ० ते १०० गुण द्यायचे आणि झेपेल तिथून सुरुवात करायची : आधी उभ्या बाइकवर बसणं, मग दिवसाउजेडी कुणाला सोबत घेऊन त्या चौकात थांबणं. घाबरं झालं म्हणून लगेच परतायचं नाही.

सांगून झाल्यावर त्यावर बोलणं होतं. मला विचाराल तर अर्धं काम तिथेच होतं. ‘मीच त्याला बस म्हणालो’ ही टोचणी अनेकदा भीतीपेक्षा खोल असते. क्षणाक्षणाने सांगताना कधी कधी त्या माणसाचं त्यालाच दिसतं, की ब्रेक दाबायला वेळच नव्हता.

सुरुवातीला काहींचा त्रास वाढतो. फोआ यांच्या गटाने २००२मध्ये हे तपासलं, तेव्हा अशा लोकांनाही शेवटी इतरांइतकाच फायदा झालेला दिसला. सेशनच्या संध्याकाळी मात्र घरी पाहुणे बोलावू नका.

प्रश्न : पण गुण कितीजणांना येतो?

उत्तर : सगळ्यांना नाही. अमेरिकी सैन्यातल्या आजी-माजी २८४ महिलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतर या पद्धतीच्या गटात ४१ टक्के जणींना पीटीएसडीचं निदान लागू राहिलं नाही; फक्त सध्याच्या अडचणींवर बोलणाऱ्या गटात हे प्रमाण २८ टक्के होतं. पण अर्धवट सोडणाऱ्याही इकडेच जास्त : ३८ टक्के, तिकडे २१. म्हणून हमखास गुणाची हमी देणाऱ्यापासून लांब राहा. ही पद्धत झेपली नाही तर ईएमडीआर आहे (डोळे इकडून तिकडे फिरवत आठवणीवर काम करायचं), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी आहे (प्रसंगामुळे मनात बसलेले विचार तपासायचे). पुरावा त्यांच्याही बाजूने आहे.

प्रश्न : मी मोबाइलवर अपघातांचे व्हिडिओ बघून स्वतःच सवय करतोय. चालेल?

उत्तर : नको. भीती वाढली की अंगठा आपोआप पुढच्या व्हिडिओवर जातो. म्हणजे टाळणं चालूच. आणि ते अपघात दुसऱ्यांचे. तुमची आठवण तशीच राहते.

प्रश्न : गेल्या आठवड्यात चोरांनी भाचीची सोनसाखळी खेचली, ती फरफटत गेली. तिला आत्ताच सगळं बोलायला लावावं का?

उत्तर : लावू नका. पहिल्या महिन्यात पीटीएसडीचं निदान करतच नाहीत, कारण पुष्कळ लोक आपोआप सावरतात. घटनेनंतर एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत एकेकाळी जोरात होती. चाचण्यांत तिने पीटीएसडी टळला नाही, उलट काहींचा त्रास वाढला. भाची बोलेल तेवढं ऐका, रात्री सोबत कुणीतरी झोपा. झोप येत नाही म्हणून घरातल्या कुणाची अल्प्राझोलॅमची (घबराट कमी करणारी, झोप आणणारी) गोळी तिला देऊ नका. त्या जातीच्या गोळ्यांनी पीटीएसडी बरा होत नाही, सवय मात्र लागते. महिन्यानंतरही ती बाहेर पडेना, स्वप्नांनी दचकून उठू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्रास फारच असेल तर तेवढंही थांबू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.